रोलर लाटणी मशीनचे गिअर: मॉड्यूल, मटेरियल आणि पुण्यात कुठे करून घ्यावेत?

लाटणी_धायरी

नमस्कार मंडळी. पुरी आणि पापडासाठी टेबलावर बसेल अशी दोन रोलरची लाटणी मशीन तयार करतो आहे. पहिला लॉट १० मशीनचा, तो नीट चालला की ५० चा. बाकी सगळं जमलंय, अडलंय ते गिअरवर.

मोटर पाव एचपी, म्हणजे १८० वॅट, सिंगल फेज, १४४० आरपीएम. तिला ०४० साइजचा २०:१ वर्म गिअरबॉक्स, त्यामुळे बाहेर ७२ आरपीएम. तिथून खालच्या रोलरला २:१ ची स्पर (सरळ दातांच्या) गिअरची जोडी, म्हणजे रोलर ३६ आरपीएम. खालच्या रोलरवरून वरच्या रोलरला सारख्याच दातांची दुसरी जोडी. रोलर ६० मिमी व्यासाचे, गॅप ०.८ ते ३ मिमी बदलता यायला हवा. गिअरबॉक्सचा शाफ्ट १८ मिमी, रोलरचे शाफ्ट २५ मिमी. पहिल्या जोडीचं सेंटर, म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर, ६० मिमी. बाजूच्या प्लेटा ८ मिमी जाडीच्या, लेझर कटिंगच्या.

सध्या पीएलएमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले गिअर लावलेत. पहिली जोडी मॉड्यूल १.५ (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप, गिअरचा व्यास भागिले दात), दात २७ आणि ५३, रुंदी १५ मिमी. पीठ घट्ट असलं की पिनियनचे, म्हणजे लहान गिअरचे, दात मुळातून तुटतात. रोलरची जोडी मॉड्यूल २.५, दोन्हीकडे २४ दात. ती तुटत नाही, पण गॅप २ मिमीच्या पुढे नेला की टकटक आवाज येतो आणि लाटलेल्या पट्टीवर साधारण ८-८ मिमीवर आडवे पट्टे उमटतात.

विचारायचं ते असं: धातूत करताना हेच मॉड्यूल ठेवायचं का? ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चालेल की हार्डनिंग लागेल? डेलरिनमध्ये (टणक प्लास्टिकमध्ये) भागेल का, आवाज कमी होईल म्हणून विचारतोय. आणि १० सेटसाठी हॉबिंग करणारे (हॉब नावाच्या फिरत्या कटरने दात पाडणारे) उभे करतात का, की वायरकट (विजेच्या तारेने कापणं) बरं?

---

भोसरी_हॉबिंग

पहिल्या जोडीबद्दल लिहितो. रोलरची जोडी हे वेगळं दुखणं आहे, ते नुसतं मटेरियल बदलून जाणार नाही.

मोटरचा टॉर्क ९५५० × ०.१८ ÷ १४४० = १.१९ न्यूटन मीटर. २० ने गुणा, वर्मची कार्यक्षमता ७०% धरा, म्हणजे पिनियनच्या शाफ्टवर १६.७ न्यूटन मीटर. ६० मिमी सेंटरवर तुमच्या २७-५३ ऐवजी मॉड्यूल २ घेऊन २०-४० दात करा. सेंटर तेवढंच, २ × ६० ÷ २ = ६०, आणि रेशो नेमका २ मिळतो. पिनियनचा पीसीडी (जिथे दात एकमेकांना लागतात तो व्यास) ४०, म्हणून दातावर येणारा जोर १६.७ × १००० ÷ २० = ८३५ न्यूटन.

दाताच्या मुळावरचा ताण काढणाऱ्या लुईसच्या सूत्राने २० दातांचा फॉर्म फॅक्टर ०.३२२, रुंदी २० मिमी: ८३५ ÷ (२० × २ × ०.३२२) = ६५ मेगापास्कल. धक्क्यांसाठी दीडपट धरली तर ९७. नॉर्मलाइज्ड ईएन ८ ला १८० पर्यंत बिनघोर जाता येतं. रोलरमध्ये काही अडकून मोटर अडली तर ती अडीच पट जोर लावेल, तेव्हाही १६२ होतात. दात वाकणार नाही.

हाच हिशोब मॉड्यूल १.५, २७ दात, १५ रुंदीला केला तर १०५ येतात. प्रिंट केलेलं पीएलए थरांच्या जोडावर याच्या निम्मंही पेलत नाही, त्यामुळे ते तुटणारच होतं. डेलरिनला २५ ते ३० मेगापास्कलच्या वर नेऊ नये. म्हणजे या जागी डेलरिन बसत नाही. बसवायचंच म्हटलं तर मॉड्यूल ३ घ्यावं लागेल, सेंटर ९० होईल, तरी ताण २९ येतो आणि धक्क्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

मॉड्यूल ठरवताना कागदावर काय सुंदर दिसतं ते बघू नका, ज्याच्याकडे काम देणार त्याच्याकडे कोणते हॉब आहेत ते आधी विचारा. १, १.५, २, २.५, ३ हे बहुतेक जॉबवर्कवाल्यांकडे असतात. १.२५ आणि १.७५ फोन करून खात्री केल्याशिवाय ड्रॉइंगवर टाकू नका. हॉब नवा घ्यावा लागला तर १० सेटवर त्याचा खर्च पडतो आणि गिअरपेक्षा हॉब महाग जातो. प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा कल) २० अंश हेही लिहाच. जुन्या मशिनांचे सुटे भाग करणाऱ्यांकडे साडेचौदा अंशांचे आणि डीपीचे (इंची मापाचे) कटर असतात. १२ डीपी म्हणजे मॉड्यूल २.११७. ते मॉड्यूल २ शी जुळत नाही, पण हातात घेतल्यावर फरक ओळखू येत नाही.

मापं अशी. पिनियन: दात २०, पीसीडी ४०, ओडी (बाहेरचा व्यास) ४४, दातांच्या तळाचा व्यास ३५, रुंदी २२. गिअर: दात ४०, पीसीडी ८०, ओडी ८४, तळ ७५, रुंदी २०. दाताची पूर्ण खोली ४.५. पिनियन २ मिमी जास्त रुंद ठेवायचं कारण हे की बसवताना इकडेतिकडे सरकलं तरी दातांची पूर्ण रुंदी लागते.

२० दातांना अंडरकटची (कापताना दात मुळाशी कोरला जाण्याची) भीती नाही, २० अंशांत ती १७ च्या खाली सुरू होते.

मटेरियल: माझं स्पष्ट मत, ३६ आणि ७२ आरपीएमला केस हार्डनिंगच्या (फक्त वरचा थर कठीण करण्याच्या) वाटेला जाऊ नका. गिअर ईएन ८ मध्ये करा. पिनियनचा प्रत्येक दात दुप्पट वेळा घासतो, म्हणून ते ईएन १९ किंवा ईएन २४ चा आधीच हार्डन-टेम्पर केलेला, २८ ते ३२ एचआरसीचा (एचआरसी म्हणजे कठीणपणाचं माप) बार घेऊन करा. हॉब त्याला आरामात कापतो आणि कापल्यानंतर उष्णता द्यायची नाही म्हणून काही वाकत नाही. २० एमएनसीआर ५ (केस हार्डनिंगचं पोलाद) घेऊन कार्बुरायझिंग केलंत तर बोअर (शाफ्टचं भोक) आवळतो, की-वे (चावीची खाच) तिरका होतो, मग बोअर ग्राइंडिंग आलं. १० नगांसाठी भट्टीवाला लॉटचे किमान पैसे लावतो तेही धरा.

---

वायरकट_नऱ्हे

नगांच्या संख्येवर सगळं अवलंबून आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

वायरकटचा दर कापलेल्या क्षेत्रफळावर असतो: कापाची लांबी गुणिले जाडी. मॉड्यूल २ ला एका दाताभोवतीचा काप साधारण १२ मिमी. २० दात म्हणजे २४० मिमी, २० जाडीला ४८०० चौरस मिमी. ४० दातांचा ९६०० चौरस मिमी. हे प्रत्येक नगाला तेवढंच लागतं, दहावा नग पहिल्यापेक्षा स्वस्त होत नाही. हॉबिंगमध्ये उलट आहे, सेटिंगचे पैसे एकदाच आणि ब्लँक (दात न पाडलेल्या चकत्या) एकावर एक रचून एकाच वेळी कापता येतात. मँड्रेलवर (ब्लँक ओवायच्या दांड्यावर) २० मिमीचे ८ ब्लँक लावले की एका फेरीत ८ गिअर निघतात. म्हणून नमुन्याचे एक-दोन सेट वायरकट, १० च्या पुढे हॉबिंग. तुमच्या लॉटला मी हॉबिंगच सुचवेन.

पण रचून कापायचे असतील तर ब्लँक दोन्ही तोंडांना सपाट हवेत. एका बाजूला हब काढलात की रचता येत नाही. हबची गरज ग्रब स्क्रूसाठी असते. त्याऐवजी शाफ्टच्या टोकाला वॉशर आणि बोल्ट द्या, गिअर सपाट राहील. आणि दातांच्या अगदी शेजारी मोठ्या व्यासाचा खांदा तर मुळीच ठेवू नका. हॉब स्वतः ६०-७० मिमी व्यासाचा असतो, त्याला बाहेर पडायला जागा लागते. जागा नसली की काम गिअर शेपिंगवर जातं, तिथेही दातांनंतर ५-६ मिमीची खाच लागते.

वायरकटचा फायदा एकच पण मोठा: आधी हार्डन केलेल्या ब्लँकमध्ये दात, बोअर आणि की-वे एकाच सेटिंगमध्ये निघतात, त्यामुळे बोअर आणि दात एकमेकांशी अचूक राहतात.

डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) पाठवताना मात्र काळजी घ्या. कॅडच्या तयार लायब्ररीतून ओढलेला गिअर पुष्कळदा फक्त दिसायला गिअर असतो, दाताची बाजू साध्या वर्तुळाच्या तुकड्याने काढलेली असते. वायर तेच इमानेइतबारे कापते. फ्रीकॅडच्या गिअर वर्कबेंचमध्ये खरा इन्व्होल्यूट (दाताच्या बाजूचा योग्य वक्र) निघतो, बॅकलॅशही (दातांमधला सैलपणा) तिथेच भरता येतो. तो भरला नाही तर दोन्ही गिअर शून्य सैलपणाचे होतात आणि सेंटर जराही कमी भरलं की जोडी आवळते.

दुसरी गोष्ट, डिव्हायडिंग हेडवर (ब्लँक एकेका दाताने फिरवणाऱ्या साधनावर) फॉर्म कटरने दात पाडणारे अजून धायरी-नऱ्हे भागात भेटतात. ८ कटरच्या संचातला एक कटर १७ ते २० दातांना, दुसरा ३५ ते ५४ दातांना. त्यात ३५ दातांना बरोबर असलेला आकार ५४ पर्यंत चालवून घेतात, म्हणून आवाज जरा जास्त येतो. ३६ आरपीएमला तो चालून जाईल, एखादा बदली गिअर तातडीने हवा असेल तेव्हा ही सोय उत्तम.

---

मशीन_डिझाईन_चिंचवड

रोलरच्या जोडीचं उत्तर तुमच्या पट्ट्यांतच आहे. ६० मिमी रोलरचा परीघ १८८.५ मिमी. त्याला २४ ने भागा, ७.८५ मिमी. तुमचे पट्टे ८ मिमीवर आहेत, म्हणजे दर दाताला वरचा रोलर एकदा अडखळतो आहे.

कारण असं. गॅप उघडला की रोलरबरोबर गिअरही एकमेकांपासून दूर जातात. इन्व्होल्यूट दातांना सेंटर थोडं वाढलेलं चालतं, रेशो बदलत नाही. पण एक दात सुटायच्या आत पुढचा दात भिडलेला असायला हवा. त्याचं माप म्हणजे कॉन्टॅक्ट रेशो, तो १ च्या खाली गेला की मध्ये काही क्षण कोणताच दात नीट लागलेला नसतो. मग पुढच्या दाताचं टोक धडकतं, तीच तुमची टकटक.

मॉड्यूल २.५, २४ दातांचा हिशोब करून देतो. सेंटर ६० ला कॉन्टॅक्ट रेशो १.६०. ६१ ला १.२३. ६१.५ ला १.०५. ६२ ला ०.८९. ६३ ला फक्त ०.५७. तुमचे रोलर ६० मिमीचे, म्हणजे सेंटर ६० अधिक गॅप. दीड मिमी गॅपपर्यंत ठीक, २ ला बिघडलेलं. तुम्हाला दिसलं तेच.

याच जागी मॉड्यूल ३, २० दात घ्या आणि दोन्ही गिअरना +०.१४ प्रोफाइल शिफ्ट द्या. असं केल्याने जोडी ६०.८ सेंटरला, म्हणजे तुमच्या सगळ्यात कमी गॅपला, घट्ट बसते आणि दात थोडे उंच होतात. ओडी ६६ ऐवजी ६६.८४. हॉबिंगवाल्याला फक्त हॉब ०.४२ मिमी बाहेर ठेवून कापायचं असतं, वेगळा हॉब लागत नाही. आता ६२.३ ला कॉन्टॅक्ट रेशो १.०६ आणि ६२.५ ला जेमतेम १. म्हणजे २.३ मिमी गॅपपर्यंत निर्धास्त. ३ मिमीला तोही ०.८८ वर येतो. अजून उंच दातांचे खास गिअर करता येतात, साखर कारखान्याच्या मिलमधल्या क्राऊन पिनियनचे दात रोलर उचलला तरी सुटू नयेत म्हणून तसेच उंच असतात. पण त्यासाठी खास हॉब लागतो आणि ५० मशीनसाठी तो परवडत नाही.

म्हणून आधी एक तपासा: तुम्हाला खरोखर ३ मिमी गॅप लागतो का? मळलेलं पीठ रोलरमधून बाहेर पडलं की फुगतं, पट्टी गॅपपेक्षा जाड निघते. ३ मिमी जाडीची पट्टी कदाचित २.३ गॅपलाच मिळत असेल. व्हर्नियरने पट्टी मोजा, गॅप फीलर गेजने मोजा.

तरीही ३ मिमी हवाच असेल तर चार गिअरची मांडणी करा. खालच्या रोलरचा गिअर, त्याला लागलेला पहिला आयडलर (फक्त फिरणं पुढे देणारा मधला गिअर) फ्रेममध्ये पक्क्या पिनवर. त्याला लागलेला दुसरा आयडलर दोन लिंकांनी धरलेला: एक लिंक पहिल्या आयडलरच्या पिनपासून, दुसरी वरच्या रोलरच्या शाफ्टपासून. वरचा रोलर वरखाली होताना लिंका कोपरातून वळतात, पण लागलेल्या प्रत्येक दोन गिअरमधलं सेंटर तेच राहतं. तीन वेळा दिशा बदलते, म्हणून वरचा रोलर खालच्याच्या उलट फिरतो, जसा हवा तसा. सगळे गिअर साधे, कॉन्टॅक्ट रेशो कायम दीडच्या आसपास. ३ काय, ८ मिमीपर्यंतही उघडता येईल.

सैलपणाचंही सांगून ठेवतो. सेंटर जेवढं वाढतं त्याच्या साधारण पाऊण पट बॅकलॅश वाढतो. दीड मिमी उघडलं की १.१ मिमी. ओढ एकाच दिशेने असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. पण पातळ पापडाची पट्टी बाहेर ओढणारा पट्टा रोलरपेक्षा जलद असेल तर पट्टी वरच्या रोलरला पुढे ओढते, दात उलट्या बाजूला आपटतो. तेव्हा पट्ट्याचा वेग तपासा, गिअरमध्ये दोष शोधत बसू नका.

---

कोथरूड_ऑटोमेशन

पहिली जोडी हवीच आहे का? ०५० साइजचा ४०:१ वर्म गिअरबॉक्स घ्या, १४४० ÷ ४० = ३६. त्याचा पोकळ बोअर २५ मिमीचा असतो, तुमच्या रोलरचा शाफ्टही २५. गिअरबॉक्स थेट शाफ्टवर चढवा, टॉर्क आर्मने फ्रेमला अडकवा. ४०:१ ला कार्यक्षमता ६०% च्या आसपास उतरते, रोलरवर साधारण २८.५ न्यूटन मीटर मिळतील, सध्याच्या मांडणीत ३२ मिळतात. दोन गिअर, दोन की-वे आणि एका सेंटरची डोकेदुखी जाते.

---

लाटणी_धायरी

सगळ्यांचे आभार, पट्ट्यांचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. गिअरबॉक्स थेट शाफ्टवर घेतला की मशीनची रुंदी वाढते आणि ओट्यावर बसत नाही, म्हणून मोटर खाली ठेवून गिअरची जोडी ठेवावीच लागेल.

पट्टी मोजून पाहिली. पुरीसाठी लागणारी जाडी २.२ गॅपला मिळते, पण काही ग्राहक जाड मठरी लाटणार आहेत, त्यांना ३ लागेल. त्यामुळे चार गिअरची मांडणी करतो, चारही मॉड्यूल ३, २० दात, शिफ्ट न देता. दोन प्रश्न राहिले: ड्रॉइंगवर नेमकं काय काय लिहायचं आणि माल आल्यावर काय तपासायचं? आणि मधले दोन आयडलर तरी डेलरिनचे चालतील का? तिथे पीठ उडतं, ग्रीस नको वाटतं.

---

क्वालिटी_तळवडे

ड्रॉइंगवर नुसतं “मॉड्यूल २, २० दात” लिहून दिलं की प्रत्येक जण आपापल्या सवयीचा बॅकलॅश ठेवतो. दाताची जाडी स्पॅनच्या मापाने (काही दात एकत्र धरून घेतलेल्या मापाने) बांधून द्या, म्हणजे वाद होत नाही.

२० दात, मॉड्यूल २: तीन दातांवर १५.३२१, त्यातून उणे ०.०४ ते ०.०७. म्हणजे १५.२५१ ते १५.२८१. ४० दात, मॉड्यूल २: पाच दातांवर २७.६९०, उणे ०.०५ ते ०.०८. दोन्ही मिळून ०.०९ ते ०.१५ सैलपणा मिळतो, या कामाला अगदी योग्य. मॉड्यूल ३, २० दात, शिफ्टशिवाय: तीन दातांवर २२.९८१, उणे ०.०५ ते ०.०८. हे डिस्क मायक्रोमीटरने मोजायचं. तो नसेल तर व्हर्नियरच्या सपाट जबड्यांनीही अंदाज येतो.

बोअर एच ७ (भोकाच्या मापात चालणाऱ्या फरकाचा दर्जा). १८ च्या बोअरला की ६ × ६, बोअरच्या तळापासून की-वेच्या माथ्यापर्यंत २०.८. २५ च्या बोअरला की ८ × ७, २८.३. आता एक धोका लक्षात ठेवा. पिनियनच्या दातांचा तळ ३५ व्यासाचा, म्हणजे त्रिज्या १७.५. १८ च्या बोअरला की-वेच्या वर ५.७ मिमी मांस उरतं, मस्त आहे. उद्या कोणी ०५० चा गिअरबॉक्स लावून हाच पिनियन २५ बोअरला केला तर १.७ मिमीच उरतं आणि की-वेच्या कोपऱ्यातून दाताच्या तळापर्यंत चीर जाते. मॉड्यूलच्या दुप्पट मांस तरी हवंच.

ब्लँकसाठी: बोअर, ओडी आणि एक तोंड एकाच पकडीत टर्न करायचं, तोंडाचा रनआउट (फिरताना होणारं डुलणं) ०.०२ च्या आत. ही एक ओळ लिहिली नाही तर हॉबिंग कितीही चांगलं असो, गिअर फिरताना डुलतो, आणि मग टर्नर हॉबिंगवाल्याकडे बोट दाखवतो, हॉबिंगवाला टर्नरकडे. शक्य असेल तर टर्निंग, हॉबिंग आणि स्लॉटिंग एकाच ठिकाणी द्या. भोसरीत सेक्टर ७, सेक्टर १० आणि एमआयडीसीच्या ब्लॉकमध्ये तिन्ही करणारे मिळतात. गुरुवारी जाऊ नका, तिकडे साप्ताहिक सुट्टी असते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर छोटे लॉट मागे पडतात, तारीख आधी ठरवून घ्या.

बारचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ईएन ८ म्हणून साधं एमएस हातात पडलं तर दिसायला काहीच कळत नाही, सहा महिन्यांत दाताला धार येते.

आणि तुमच्या प्लेटा! लेझरने पाडलेल्या भोकाचा भरवसा ०.१ ते ०.२ मिमीचा असतो. सेंटर ०.१ ने कमी भरलं तर सैलपणातले ०.०७ जातात, जोडी गरम होईल इतकी आवळते. लेझरने भोकं २ मिमी लहान पाडून घ्या, मग दोन्ही प्लेटा एकत्र बांधून व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) बोअर करा, सेंटर ६० ± ०.०३. दोन्ही प्लेटा एकत्र केल्याने शाफ्ट समांतरही राहतात. गिअरवर केलेला सगळा खर्च प्लेटांवरून वाया जाताना दिसतो, म्हणून हे ठासून सांगतोय.

माल आल्यावर: दात मोजा, स्पॅन तीन ठिकाणी १२०-१२० अंशांवर मोजा. तिन्हींत ०.०३ हून जास्त फरक असेल तर दात नीट विभागले गेलेले नाहीत. मग मँड्रेलवर चढवून दातांच्या खाचेत ३.५ मिमीची पिन ठेवून डायलने रनआउट बघा, मॉड्यूल २ ला ०.०५ पर्यंत चालवा. शेवटी पहिल्या सेटला एका गिअरच्या दातांवर निळा रंग लावून हाताने फिरवा. डाग दाताच्या मधोमध हवा. एकाच टोकाला आला तर गिअर परत पाठवू नका, आधी शाफ्ट समांतर आहेत का ते पाहा.

---

मशीन_डिझाईन_चिंचवड

डेलरिन आयडलरचं. वरच्या रोलरला निम्मा टॉर्क धरू, १६ न्यूटन मीटर, ३० मिमी त्रिज्येवर साधारण ५४० न्यूटन. मॉड्यूल ३, रुंदी २५: ५४० ÷ (२५ × ३ × ०.३२२) = २२ मेगापास्कल. पाहताना वाटतं बसलं. पण आयडलरचा दात एका फेरीत दोन्ही बाजूंनी दाबला जातो, एकदा इकडून, एकदा तिकडून. अशा उलटसुलट वाकण्याला मर्यादा ७०% वर आणायची, म्हणजे डेलरिनचे २५-३० चे १८-२० होतात. बसत नाही. नायलॉनचा तर विचारही नको. ते पावसाळ्यात ओल धरून फुगतं, आणि मशीन धुताना पाणी लागणारच.

आयडलर ईएन ८ चेच करा, रुंदी २०. आत फॉस्फर ब्राँझचं बुश, पिन २० मिमी, बोअर एच ७ आणि पिन एफ ७. पिनला मधोमध आडवं भोक आणि टोकाला ग्रीस निपल द्या, म्हणजे गार्ड न काढता ग्रीस भरता येईल. ग्रीस फूड ग्रेड, एच १ चं घ्या. थंडीत ते घट्ट झालं तर बुशच्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून बुशमध्ये १.५ मिमी खोल एक लांब खाच ठेवा. गार्ड स्टेनलेसचा, खाली बंद आणि पिठाच्या बाजूला फेल्टची पट्टी. स्टेनलेसचे गिअर करावेत असं कोणी सुचवलं तर ३०४ वर ३०४ चालवू नका, ते एकमेकांना चिकटून ओरबाडतात. ईएन ८ ला ब्लॅकोडायझिंग (पृष्ठभाग काळा करण्याची प्रक्रिया) करून तेल लावून ठेवलं की बंद गार्डमध्ये गंजत नाही.

लिंका १० मिमी जाडीच्या ठेवा आणि त्यांची दोन भोकंही प्लेटांसारखी जोडीने बोअर करून घ्या, सेंटर ६० ± ०.०३. पहिल्या मशीनवर वरचा रोलर ०.८ पासून ३ पर्यंत हाताने नेऊन पाहा. मध्ये कुठे जड लागलं तर लिंकांच्या सेंटरमध्ये फरक आहे, त्या बदला. गिअर घासून सैल करू नका.